खुडलेले शेंडे

सात वर्षं माझ्या बॉटलब्रशला एकही फूल आलं नाही.

रोपवाटिकेतून आणलेलं बियांचं रोप असतं तर मनाची समजूत घातली असती, लहान आहे अजून, वयात यायचंय. पण तशी समजूत घालायला जागा नव्हती. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जुना बॉटलब्रश आहे. वीसेक फूट उंच, फांद्या नदीकाठच्या झाडासारख्या खाली झुकलेल्या. थंडी ओसरली की दरवर्षी तो लाल होतो, आणि रिक्षाची वाट बघणाऱ्या शाळेच्या मुलांच्या केसांत तांबडे तंतू अडकलेले दिसतात. २०११ च्या जुलैत त्याच झाडाच्या एका जाडशा फांदीवर मी गुटी बांधली. बोटभर रुंदीची साल काढली, ओलं शेवाळ गुंडाळलं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधलं. नवरात्राच्या सुमाराला आतून पांढरी मुळं दिसायला लागली, तेव्हा करवतीनं फांदी उतरवली आणि गच्चीवर आणली. म्हणजे माझं झाड नवं नव्हतंच. ते फाटकावरच्या झाडाचंच अंग होतं, त्याच वयाचं, त्याच लाकडाचं. तिकडे खाली झाड दरवर्षी लाल होत राहिलं आणि इकडे चार मजले वर त्याचाच तुकडा हिरवागार, निरोगी, पण फुलाविना.

त्याच्याकडे दुर्लक्ष झालं असतं तर कारण तरी सापडलं असतं. उलट इतकं लक्ष मी दुसऱ्या कुठल्याच झाडाला दिलं नव्हतं. खोड आयतंच जाड मिळालं होतं, त्यामुळे त्याला मोकळं वाढू देण्याची गरज वाटली नाही. दुसऱ्याच वर्षी उथळ ट्रेमध्ये बसवलं. ज्या बाईंकडे मी बोन्साय शिकले त्यांची शिस्त कडक. फांदी पहिली, फांदी दुसरी, मागची फांदी, वर निमुळता शेंडा. तार बांधायची, सालीत रुतायच्या आत सोडवायची, पुन्हा बांधायची. आणि खुडणी. दर रविवारी सकाळी चहाचा कप कठड्यावर ठेवून मी अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी प्रत्येक फांदीचा कोवळा शेंडा खुडायची. शेंडा खुडला की बाजूचे दोन डोळे फुटतात, दोनाचे चार होतात, पानांचा थर दाट होतो. चार-पाच वर्षांत झाड असं देखणं झालं की बाईंनी ते प्रदर्शनात मांडायला सांगितलं. तिथे नातवाचा हात धरून आलेल्या एका आजींनी बराच वेळ झाडाकडे बघितलं आणि विचारलं, “ह्याला फुलं कधी येतात गं?” मी म्हटलं, “येतील.” त्या प्रश्नानं त्या रात्री मला झोप लागली नाही. झाडाचं नावच मुळी फुलावरून पडलेलं, आणि मी त्याच्या पानांची वाहवा घेऊन घरी आले होते.

*

माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. चार एकर, बहुतेक थॉम्पसन. २०१८ च्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बागेत खरड छाटणी चालू होती. ज्यांनी ती बघितली नसेल त्यांना धक्का बसतो. अख्खा मांडव उघडा पडतो, वर्षभर वाढवलेल्या काड्या खाली ढीग होऊन पडतात आणि ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या हातांवर, नुसते खुंट उरतात. नाशिकची द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलची ही खरड छाटणी काडी घडवण्यासाठी, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी.

दुपारी शेडमध्ये भाकरी खाताना मी त्यांना माझ्या झाडाचं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं.

“तुझ्या झाडाचा घड कुठल्या डोळ्यात असतो?”

मला सांगता आलं नाही. सात वर्षं ज्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर माझी नखं फिरली, त्याचं फूल नेमकं कुठे जन्माला येतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

“माझा घड मला दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर,” मामा म्हणाले. “पण तो काडीत बसलेला असतो मे-जूनलाच. तेव्हा काडीला ऊन मिळालं नाही, तं पुढं कितीही औषधं मार, नुसत्या बाळ्या निघतात.” बाळ्या म्हणजे घडाऐवजी निघणारे वेलीचे नुसते ताणे. काडीत घड असा आधीच बसण्याला बागायतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. म्हणूनच ऑक्टोबरच्या आधी काडी तपासायला प्रयोगशाळेत देतात. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे, आणि त्याप्रमाणे कुठे कापायचं ते ठरतं. मोहरीएवढ्या डोळ्यात पुढच्या फेब्रुवारीची द्राक्षं बसलेली असतात. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दुपारी पहिल्यांदा ते माझ्या गच्चीपर्यंत पोचलं.

एक गोष्ट मात्र अडत होती. मामाही शेंडा मारतात. खरड छाटणीनंतर फुटलेली काडी सात पानांवर आली की तिचा शेंडा मारायचा आणि बाजूच्या डोळ्यातून सबकेन, म्हणजे पोटकाडी, काढायची, ही पद्धत आता घरोघरी आहे. शेंडा मारल्यानं काडीत घड चांगला धरतो. मग मी तरी वेगळं काय करत होते? ह्याचं उत्तर मामांकडे नव्हतं. ते फाटकावरच्या झाडाकडे होतं.

घरी आल्यावर मी त्या झाडाच्या हाताला येणाऱ्या फांद्यांना लोकरीचे धागे बांधले. निळा धागा बांधलेल्या फांद्यांचे शेंडे माझ्या सवयीप्रमाणे दर काही आठवड्यांनी खुडायचे, पांढऱ्याला हात लावायचा नाही. फेब्रुवारी उजाडेपर्यंत निकाल समोर होता. पांढऱ्या धाग्यांच्या फांद्या टोकाला फुगल्या आणि फुलल्या. निळ्या धाग्यांवर नुसतीच दाट पानं. द्राक्षाचा घड काडीच्या बाजूच्या डोळ्यांत बसतो, म्हणून शेंडा गेला तरी घड राहतो, उलट त्याला जास्त मिळतं. बॉटलब्रशचं फूल थेट शेंड्यातच बसतं. मी दर रविवारी जे खुडत होते ते फुलाचं घर होतं.

*

ह्या झाडाची आणखी एक रीत आहे, ती जवळून बघितल्याशिवाय खरी वाटत नाही. गुलाबाचं फूल आलं की ती डहाळी तिथे संपते. बॉटलब्रशची फांदी संपत नाही. ब्रश फुलतो, तंतू गळून जातात, आणि त्याच ब्रशच्या टोकातून नवी पालवी बाहेर पडून फांदी पुढे चालू लागते. मागे राहतात ती करड्या लाकडी मण्यांसारखी फळं, फांदीला चहूबाजूंनी घट्ट चिकटलेली. ती गळत नाहीत, वर्षानुवर्षं तशीच राहतात. म्हणजे फांदी म्हणजे वहीच असते. मण्यांचं कडं, मग वीतभर पानं, पुन्हा कडं, पुन्हा पानं. एकेक कडं म्हणजे एकेक बहर.

हे कळल्यावर मी माझं बोन्साय हातात घेतलं आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. मुळांपासून चार बोटांवर, सालीत अर्धवट बुडालेलं एक कडं होतं. ते मी रोज बघत आले होते. बाईंनीही एकदा त्यावर बोट ठेवून “खोडाला छान जुनेपणा आलाय” असं म्हटलं होतं. ते २०११ च्या आधीचं, फाटकावर असतानाचं कडं होतं. त्याच्या वर काहीच नव्हतं. सात वर्षांचं खोड, शेकडो छोट्या फांद्या, आणि सगळी पानं कोरी.

त्या मण्यांत बिया असतात, मातीच्या धुळीसारख्या बारीक. झाडावर जिवंत फांदीला असेपर्यंत मणी मिटलेले राहतात. फांदी मेली, वाळली किंवा वणव्यात होरपळली की उघडतात. बॉटलब्रश मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आणि तिथल्या पुष्कळ झाडांनी आगीशी असा करार करून ठेवला आहे. बँक्सियाच्या कित्येक जातींची लाकडी फळं आगीच्या धगीनेच तोंड उघडतात, निलगिरीच्या जळक्या खोडातून सालीखालचे झोपलेले डोळे फुटून हिरवे कोंब येतात. कॅनबेराचं राष्ट्रीय वृक्षोद्यान २००३ च्या वणव्यात जळून गेलेल्या टेकड्यांवर उभं राहिलं आहे, आणि ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय बोन्साय संग्रह आज त्याच उद्यानात आहे. तिथल्या बोन्सायवाल्यांनी आधी बरीच वर्षं जपानी वळणाचेच पाईन, मेपल, ज्युनिपर वाढवले. स्वतःच्या अंगणातल्या बॉटलब्रशकडे, बँक्सियाकडे, पोर्ट जॅक्सन वडाकडे ते नंतर वळले. मला त्यांचं हे वळणं फार जवळचं वाटतं, कारण जपानी पाईनच्या नियमानं बॉटलब्रश खुडणारी मीही त्याच रस्त्यावर होते.

*

२०१८ च्या एप्रिलनंतर मी झाडाला कात्री लावली नाही. हे लिहायला सोपं आहे. जूनपर्यंत ठीक चाललं. पावसाळ्यात झाड सुटलं. सात वर्षं रोखलेल्या शेकडो टोकांनी एकदम दौड घेतली. पानांचे थर विस्कटले, पहिली आणि दुसरी फांदी कुठली ते ओळखू येईना, वीतवीत लांब कोवळ्या रेशमी डहाळ्या चहूकडे लोंबायला लागल्या. बाई एकदा घरी आल्या. त्यांनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच न बोलता चहा घेतला. जाताना जिन्यात म्हणाल्या, “एवढी वर्षं घातलीस गं त्यात.” त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं. आणि मला त्यांचं वाईट वाटणं समजत होतं, कारण रविवार सकाळी माझी बोटंही शिवशिवत होती.

दुसरं एक केलं, झाड हिरव्या जाळीखालून काढून दक्षिणेच्या कठड्यावर पूर्ण उन्हात ठेवलं. मामांच्या “काडीला ऊन” ह्या शब्दांवर भरवसा ठेवून. जाळीखाली पानं गर्द दिसतात, डोळ्याला गार वाटतात, पण फूल उन्हाचं असतं.

त्या वर्षी थंडी चांगली होती. निफाडकडे पारा खाली गेला की नाशिककर सकाळी पेपरात आधी तो आकडा बघतात आणि मग द्राक्षवाल्यांची काळजी करतात. मी झाडाची करत होते. जानेवारी संपता संपता काही टोकं वेगळी दिसायला लागली. पानाचा डोळा अणकुचीदार आणि बारीक असतो, ही टोकं जाड होती, खवल्याखवल्यांची, त्यावर गुलाबी लव. मग खवल्यांच्या बेचक्यांतून हिरवे दाणे वर आले, दाटीवाटीनं, कणसासारखे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पहिल्या कणसाच्या तळाचे दाणे उकलले आणि आतून गुंडाळलेले लाल तंतू सरळ झाले. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर कितीतरी छोट्या फुलांचं कणीस असतं, आणि लाल दिसतात ते पुंकेसर. पाकळ्या असतात, पण इतक्या लहान आणि फिकट, की शोधाव्या लागतात. कॅलिस्टेमॉन हे त्याचं शास्त्रीय नावही ग्रीकमध्ये ‘सुंदर पुंकेसराचा’ असंच आहे. आता बरेच शास्त्रज्ञ त्याला मेलाल्युका ह्या प्रजातीत घालतात, पण जुनं नाव मला सोडवत नाही.

त्या वर्षी नऊ ब्रश आले. झाड सोळा इंच उंच आणि ब्रश चार इंची. बोन्सायमध्ये पानं हळूहळू लहान होतात, फूल होत नाही. ते पूर्ण मापाचंच येतं. काही जणांना ते प्रमाण खटकतं, आणि त्यांच्यासाठी ‘लिटल जॉन’सारख्या बुटक्या, छोट्या पानांच्या जाती आहेत. मला खटकत नाही. एवढ्याशा कुंडीतून एवढं मोठं लाल वर येताना बघून मला घशाशी आवंढा आला होता. आजही येतो.

तिसऱ्या दिवशी शिंजीर आला. काळ्या-जांभळ्या पिसांचा नर, चिमूटभर, वाकड्या चोचीचा. तो ब्रशवर उलटा लटकून प्रत्येक दाण्यातला मध पीत होता आणि त्याच्या कपाळाला पिवळे परागकण लागत होते. ऑस्ट्रेलियात हे काम हनीईटर नावाचे पक्षी आणि लोरिकीट पोपट करतात. चौथ्या मजल्यावरच्या सोळा इंची झाडाचा पत्ता आमच्या शिंजीराला कुणी दिला, कोण जाणे. गेली सात वर्षं ते झाड त्याच कठड्यांमध्ये होतं आणि तो कधी फिरकला नव्हता.

*

ह्या आनंदाच्या भरात माझ्या हातून जे झालं ते सांगितलंच पाहिजे.

२०१९ मध्ये मी बंगळुरूहून ग्रेव्हिलियाची दोन रोपं मागवली होती, ग्रेव्हिलिया बँक्सिआय. क्वीन्सलंडचं लहानसं झाड, फुलांचे लाल तुरे, लहान वयातच फुलतं म्हणून मुद्दाम निवडलेलं. आपल्याकडे शेताच्या बांधावर, चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला जो सिल्व्हर ओक असतो, त्याचं हे भावंड. सिल्व्हर ओक उंच झाल्यावर केशरी फुलतो, कुंडीत त्याच्या फुलाची आशा धरणं व्यर्थ, म्हणून हे.

पुढच्या वर्षी बॉटलब्रशला आणखी फुलं यावीत म्हणून मी मामांकडून झिरो-बावन्न-चौतीसची पुडी आणली. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हे खत माहीत नाही असं घर नसेल. त्यात नत्र नाही, स्फुरद बावन्न टक्के, पालाश चौतीस. घडनिर्मितीच्या काळात काडीवर ते फवारतात. मी लिटरला दोन ग्रॅम घेऊन झारीनं सगळ्या कुंड्यांना घातलं, दर पंधरा दिवसांनी. बॉटलब्रशला काही झालं नाही. मोठ्या ग्रेव्हिलियाची पानं महिन्याभरात शिरांच्या मधे पिवळी पडायला लागली. मला वाटलं लोह कमी पडतंय. लोह दिलं. मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जळल्यासारख्या. मला वाटलं भूक लागली आहे. वर चमचाभर हाडांचा चुरा घातला. दिवाळीआधी झाड गेलं.

मी त्याला विष घातलं होतं. ऑस्ट्रेलियाची बरीचशी जमीन अतिशय जुनी आहे. कोट्यवधी वर्षांच्या पावसानं धुऊन निघालेली, नव्या लाव्ह्याचा किंवा हिमनद्यांनी दळलेल्या ताज्या खडकाचा थर बहुतेक ठिकाणी न मिळालेली. तिच्यात स्फुरद जवळजवळ उरलेलाच नाही. ग्रेव्हिलिया, बँक्सिया, हाकिया ह्या प्रोटिएसी कुटुंबातल्या झाडांनी त्या उपासात जगायला स्वतःची मुळं बदलली. त्यांना मुळांचे झुपके येतात, केसाहून बारीक मुळ्यांचे दाट गुच्छ. ते आंबट रस सोडून मातीच्या कणाला चिकटलेला स्फुरदाचा शेवटचा अंशही सोडवून घेतात. अशा मुळांना स्फुरद घेणं माहीत आहे, नको म्हणणं माहीत नाही. समोर येईल तेवढा ती ओढत राहतात, तो पानांत साठतो आणि पान आतून जळतं. वरून दिसतं मात्र उपाशी असल्यासारखं, आणि म्हणून माझ्यासारखी माणसं अजून खायला घालतात.

मेलेल्या झाडाची कुंडी उपडी केली तेव्हा मुळांचे ते झुपके मला पहिल्यांदा दिसले. मातीला मुठीत धरून बसले होते. मी बराच वेळ गच्चीच्या फरशीवर तशीच बसून राहिले. मामांना फोन केला तेव्हा ते गप्प झाले आणि म्हणाले, “अगं, मला विचारायचं होतंस… पण मलाही काय माहीत असणार म्हणा.” त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांच्या वेलीला जे अमृत, ते त्यांनी दिलं होतं.

दुसरं ग्रेव्हिलिया त्या वेळी आजारी म्हणून बाजूला ठेवलेलं होतं, त्यामुळे वाचलं. त्याला मी आता जवळजवळ काहीच देत नाही. आमची काळी माती तर अजिबात नाही. ती बेसाल्टची लेक, चुनखडीची, पाणी धरणारी, कापसाला आणि गव्हाला उत्तम. ग्रेव्हिलियाला मी तीन भाग जाड कच, एक भाग विटांचे चाळलेले तुकडे आणि एक भाग कोकोपीट देते. शेणखत नाही, हाडांचा चुरा नाही. पावसाळ्यात पानखताची एक मूठ, बस. बोअरचं पाणी जड आहे म्हणून जमेल तेवढं पावसाचं पाणी पिंपात साठवते. झाड सावकाश वाढलं. तिसऱ्या वर्षी त्याला एक फूल आलं. एकच, पण त्याचे सगळे तंतू लाल आकड्यांसारखे वळलेले.

*

पाण्याच्या बाबतीतही उसनं शहाणपण अंगाशी येता येता राहिलं. माझी नणंद सटाण्याला असते. त्यांच्याकडे डाळिंब आहे. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं, की फुलांचा पाऊस. एका वर्षी मी बॉटलब्रशला आठ दिवस ताण द्यायला घेतलं. तिसऱ्याच दिवशी कोवळी टोकं माना टाकून वाळली, आणि फूल टोकातच बसतं हे तर मला तोवर पाठ झालं होतं. हा लोंबत्या फांद्यांचा बॉटलब्रश मुळात न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या ओढ्यांकाठचा आहे. त्याचे पाय ओलेच हवेत. आता एप्रिल-मेच्या उन्हात त्याची कुंडी मी पितळी परातीत ठेवते, परातीत दोन बोटं पाणी. बोन्सायच्या शिकवणीत हे पाप मानलं जातं, मुळं सडतात म्हणून. वडाला, जुनिपरला ते खरंही आहे. ह्याची मुळं सडली नाहीत, परातीपर्यंत येऊन पोचली. कुंडी बदलण्याचं काम मी थंडीतून काढून जूनवर नेलं, तेही तेव्हापासून. गरम, दमट हवेत ह्याची मुळं आठवड्यात नवी धरतात.

लोक विचारतात, आपली झाडं सोडून परदेशी कशाला? मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. माझ्याकडे उंबर आहे, वड आहे, चिंच आहे. पण मामांच्या बागेत जमिनीत अमेरिकेतून आलेल्या डॉगरिजचा खुंट आहे आणि वर थॉम्पसनचं कलम, आणि त्या वेलींवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या शिकल्या. नाशिकमध्ये निलगिरी बाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या झाडाला आपण तमिळनाडूच्या डोंगराचं नाव दिलं, आणि ते आता इतकं मराठी झालं आहे की सर्दी झाली की रुमालावर त्याचेच दोन थेंब लागतात. रस्त्याकडेच्या ऑस्ट्रेलियन बाभळीची एक शेंग मी उचलून आणली होती, कानाच्या पाळीसारखी वळलेली. तिचं बी उगवलं तेव्हा पहिली पानं अगदी आपल्या बाभळीसारखी, पिसांची. पुढची पानं अर्धी पिसं, अर्धा चपटा देठ. आणि मग पिसं गेली, नुसते रुंद देठच पान म्हणून राहिले. महिन्याभरात, एका चहाच्या कपात, कोरड्या देशात जगायला शिकलेली सगळी वाट त्या रोपानं माझ्यासमोर चालून दाखवली. असं काही बघितल्यावर ते झाड परकं राहत नाही.

आणि उंबराचं फूल. कुणी फार दिवसांनी दिसलं की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालंस. पोर्ट जॅक्सन वड उंबराच्याच गोतातला, त्याचं फूलही फळाच्या आत मिटलेलं, आणि आत शिरणारी चिमुकली गांधीलमाशी त्या एका झाडासाठीच बनलेली. ते झाड नाशिकला आणलं तरी ती माशी इथे येणार नाही, फळात बी धरणार नाही. बॉटलब्रशचं तसं नाही. त्याला शिंजीर चालतो, मधमाशी चालते. म्हणून मला तो जास्त प्रिय आहे.

*

आता माझं वर्ष असं चालतं. ब्रशचे तंतू गळायला लागले की लगेच, त्याच आठवड्यात छाटणी. मण्यांच्या कड्याच्या खाली, हिरव्या पानांत कापायचं, पानाविना राहिलेल्या जुन्या लाकडापर्यंत जायचं नाही. एप्रिलभर आणि मे महिन्यात आकार द्यायचा, तार बांधायची, फुटवे खुडायचे ते तेव्हाच. जूनपासून हात मागे. पावसाळाभर झाड विस्कटतं, हिवाळाभर विस्कटलेलं राहतं, आणि प्रदर्शनांचे निरोप नेमके डिसेंबर-जानेवारीत येतात. त्या वेळी ते नेण्यासारखं नसतं. बाईंनी गेल्या वर्षी फेब्रुवारीत स्वतःहून फोन केला, फुललंय का विचारलं, आणि जिना चढून बघायला आल्या. गुडघे दुखत असताना. कठड्यापाशी खुर्ची टाकून त्या तासभर बसल्या, मी चहा करून आणला तरी मान वळवली नाही.

ह्या वर्षी तेवीस ब्रश आले. मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे, बहुतेक सगळे झडले. फरशीवर लाल तंतूंचा थर पडलाय, केरसुणीनं लोटला तरी कोपऱ्यांत राहतोच. काल सकाळी कात्री पुसून, तेल लावून घेतली आणि छाटणीला बसले. एकेक कडं बघायचं, खाली दोन पानं मोजायची, कापायचं. बावीस झाल्या. तेविसावा ब्रश मागच्या फांदीवरचा, उशिरा आलेला, अजून अर्धा लाल आहे. त्याच्या टोकातून नवी पालवी निघाली आहे, म्हणजे उशीर करून चालणार नाही. कात्री उचलली, तेवढ्यात शिंजीराची मादी आली. पिवळसर, साधी. माझा हात वीतभर अंतरावर असताना ती ब्रशवर बसली आणि खालून वर एकेक दाणा तपासत गेली.

मी कात्री मिटून परातीशेजारी ठेवली. ती फांदी तशीच आहे.